कोण चुकले, की कोठे अडले?

गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीची रात्र. दारात पणत्या तेवत होत्या. गॅलरीत लेकीने स्वतः केलेला आकाशकंदील वाऱ्यावर हेलकावत होता. स्वयंपाकघरातून चकलीच्या तळणीचा खमंग वास येत होता. आणि आमच्या कुंभवलीच्या घरातील मधल्या खोलीत, टेबलावर, एक काळी पेटी मुकाट्याने उभी होती. मी तिचे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. नाही. मग लेकीने दाबले. मग पिठाचे हात पदराला पुसून तिच्या आईने दाबले. पेटी ढिम्म! आत पंखे होते, त्यांतला एकही हलला नाही. दिवे होते, त्यांतला एकही लुकलुकला नाही.

ती पेटी म्हणजे घरी जोडलेला संगणक. पूर्वीची माणसे त्याला गणकयंत्र म्हणत, आणि मला तो शब्द अजून आवडतो. त्यात यंत्राचे यंत्रपण लपवलेले नाही. लेक तेव्हा नुकतीच डिप्लोमाला गेली होती. तयार संगणक घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच जोडू, म्हणजे चार पैसेही वाचतील नि आत काय असते तेही कळेल, असे तिचे म्हणणे. माझ्या एका कादंबरीचे मानधन आणि पतपेढीतील थोडी ठेव मिळून पैसे उभे केले. बोइसरला डहाणूची लोकल पकडून, विरारला गाडी बदलून आम्ही बापलेक ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. त्या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण सुट्या भागांसाठी तेथे जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशी खोकी मांडीवर घेऊन परतताना रुखवताचे सामान नेल्यासारखा आमचा थाट होता. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ते आम्ही त्या दिवशी वाचले नव्हते. धनत्रयोदशीच्या रात्री वाचले.

‘तू ती रॅम फार जोराने दाबलीस,’ मी म्हणालो.

‘बाबा, ती तशीच बसवायची असते. नीट बसली की खटका वाजतो.’

‘मग प्रोसेसर बसवताना कुठे तरी हात लागला असेल तुझा. बोर्ड जळाला असणार.’

ती काही बोलली नाही. उठून गॅलरीत गेली आणि कंदिलाच्या झिरमिळ्या उगाच नीट करीत बसली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, ‘अहो, सणाचा दिवस आहे.’

वाचकहो, मी व्यवसायाने मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. वर्गात रंगाची वाटी सांडली की वीस वर्षे माझा पहिला प्रश्न ठरलेला : ‘कोणी सांडली?’ रंग कोठवर पसरला, फडके कोठे आहे, हे प्रश्न मागाहून. तीच खोड मी त्या रात्री घरी वापरली.

झोप काही येईना. यंत्रांच्या इतिहासाची टिपणे मी कित्येक वर्षे एका जाड वहीत जमवत आलो आहे. कधी काळी त्यावर कादंबरी लिहावी असा मनसुबा. ती वही काढून बसलो. म्हटले, नवे बांधलेले गणकयंत्र सुरू न होण्याची ही काही जगातली पहिली वेळ नसेल. ज्यांच्यावर ही पाळी आली, त्यांनी काय केले?

वहीच्या पहिल्याच पानावर चार्ल्स बॅबेज. गणकयंत्रांच्या घराण्याचा हा मूळ पुरुष. १८२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने त्याच्या आकडेमोडीच्या यंत्राला पैसा देऊ केला. पितळी चाकांचे हे यंत्र गणिताची कोष्टके बिनचूक करून देणार होते. १८३२ मध्ये त्याचा एक लहान भाग तयार होऊन चालूही लागला. आणि पुढल्याच वर्षी बॅबेजचे त्याच्या कुशल कारागिराशी, जोसेफ क्लेमंटशी, फाटले. पैसे कोणी कोणाला द्यायचे, कारखाना कोठे हलवायचा, अशा वादांत काम थांबले ते थांबलेच. १८४२ मध्ये सरकारने हात झटकले, तोवर १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. यंत्र पुरे झाले नाही.

मौज पुढेच आहे. बॅबेजने नंतर त्याच कुळीच्या दुसऱ्या, सुटसुटीत यंत्राचे आराखडे काढून ठेवले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्या आराखड्यांवरून, त्याच्या काळात जेवढा नेमकेपणा साधता आला असता तेवढाच ठेवून, सुमारे ४,००० भागांचे ते यंत्र १९९१ मध्ये, म्हणजे बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, बांधून पुरे केले. आराखड्यात काही चुका सापडल्या. त्या शोधून दुरुस्त केल्या. आणि यंत्र चालले! बॅबेजची कल्पना खोटी नव्हती, क्लेमंटचे हात खोटे नव्हते. त्या दोघांमधल्या भांडणाने मात्र यंत्राला दीडशे वर्षे मुके ठेवले. हे पान वाचताना माझी नजर गॅलरीकडे गेली. लेक झोपायला गेली होती. कंदील एकटाच जळत होता.

पुढचे पान अमेरिकेचे. फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हानिया विद्यापीठात बांधलेले ‘एनिॲक’ १९४६ च्या फेब्रुवारीत जगापुढे आले. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, वजन ३० टन, वीज १५० किलोवॅट. जुन्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत, त्यांतला एक गेला की घरात सुतक. येथे तर अठरा हजार! जाणती माणसे म्हणत, हे यंत्र कधी चालायचेच नाही, कारण सगळे व्हॉल्व्ह एका वेळी धड असण्याचा मुहूर्त येणारच नाही. प्रेस्पर एकर्ट या तरुण मुख्य इंजिनियराने त्यावर साधी तोड काढली : व्हॉल्व्हवर त्यांच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी भार टाकायचा. तारांचे वेष्टण उंदीर कुरतडतील म्हणून त्याने उंदीर पाळून त्यांच्यापुढे निरनिराळ्या तारा टाकून पाहिल्या, आणि त्यांना जी रुचली नाही ती पसंत केली! पुढे कळले की व्हॉल्व्ह मरतात ते बहुधा तापताना नि निवताना. आपल्या घरातला जुना पिवळा बल्ब नेहमी बटण दाबताक्षणीच जात असे, तसेच. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले, आणि दोन दिवसांत एखादा व्हॉल्व्ह जाण्यावर गोष्ट आली.

पण माझ्या टिपणात या यंत्रापेक्षा त्यावर काम करणाऱ्या सहा तरुण मुलींची जागा मोठी आहे. यंत्राला गणित घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. आरंभी त्यांना यंत्रापाशी जाण्याचीही परवानगी नव्हती. मोठाले नकाशे पुढ्यात टाकून सांगितले, यावरून शिका. जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर आणि त्यांच्या मैत्रिणी त्या नकाशांवरून यंत्र इतके शिकल्या की, पुढे ते अडले म्हणजे दोष कोणत्या व्हॉल्व्हपाशी आहे येथवर त्या माग काढू लागल्या. यंत्राच्या उद्घाटनाच्या मेजवानीला मात्र त्यांना कोणी बोलावले नाही. नकाशा नीट वाचणारी मुलगी आणि तिला मान न देणारी वडीलधारी माणसे! मी पान घाईने उलटले.

१९४७, सप्टेंबरची ९ तारीख. हार्वर्ड विद्यापीठाचे ‘मार्क दोन’ यंत्र अडले. लोकांनी कप्पे उघडून पाहिले, तो एका विद्युत्खटक्याच्या दोन पट्ट्यांमध्ये एक पतंग मरून पडलेला. यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची रीत इंग्रजीत फार जुनी, एडिसनच्या काळापासूनची. येथे तर खराच किडा निघाला. त्यांनी तो चिमट्याने काढून रोजनिशीच्या पानावर चिकटवला, वर वेळ लिहिली नि खटक्याचा क्रमांक लिहिला. ते पान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. गोष्ट सगळेच हसून सांगतात. मला तिच्यात वेगळेच दिसते. त्या पानावर ‘खिडकी कोणी उघडी टाकली’ हे लिहिलेले नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्था डॉ. होमी भाभांनी १९४५ मध्ये उभी केली. तेथे १९५४ मध्ये रंगस्वामी नरसिंहन नावाचा तरुण दाखल झाला. मद्रासकडचा, अमेरिकेत शिकून आलेला. त्याच्या भोवती आणखी काही तरुण जमवून संस्थेने ठरवले, गणकयंत्र आपण येथेच बांधायचे. यांच्यापैकी नरसिंहन सोडले तर कोणाला गणकयंत्र वापरण्याचा अनुभव नव्हता, मग बांधण्याचा कोठून असणार? कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून विकत आणलेले यंत्र १९५५ च्या सुमारास आलेच होते. मुंबईलाही तसेच आणता आले असते. पण या मुलांनी नमुने वाचले, आराखडे काढले, आणि आधी एक लहानसे प्रायोगिक यंत्र बांधायला घेतले. १९५६ च्या अखेरीस ते चालले. मग १९५७ मध्ये मोठ्या यंत्राला हात घातला.

ते मोठे यंत्र कसे होते? १८ फूट लांब नि ८ फूट उंच पोलादी मांडणी. २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियमचे डायोड, १२,५०० रोधक. रोधकाला दोन टोके असतात. म्हणजे नुसत्या रोधकांचेच डाग २५,००० झाले. त्यांतला एक जरी कच्चा राहिला तरी यंत्र रुसणार. स्मरणशक्ती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द तीत मावत. आजच्या भाषेत १० किलोबाइट. माझ्या टेबलावर मुक्या पडलेल्या पेटीत १६ गिगाबाइटची रॅम होती, म्हणजे तिच्या सोळा लाख पटींहून अधिक. आणि तरी त्या रात्री माझे यंत्र मुके नि त्यांचे बोलके!

या इतिहासातील खरी गोष्ट दोन तारखांच्या मधल्या जागेत आहे. मोठ्या यंत्राची जोडणी १९५९ च्या आरंभी झाली. ते रीतसर कामाला लागले १९६० च्या फेब्रुवारीत. हे मधले वर्ष कशाचे? जोडून झालेले यंत्र चालते होण्याचे वर्ष. एकेक कप्पा वेगळा तपासायचा, मग दोन जोडून तपासायचे, मग तीन. इतिहासाच्या पुस्तकांत उद्घाटनाची तारीख असते, नारळ फोडणाऱ्याचे नाव असते. या वर्षाला एक ओळही मिळत नाही. पंडित नेहरूंनी पुढे त्या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून मोठे नि वेगवान यंत्र आले, तेव्हा टिफ्रॅकचे दिवस भरले. मग बांधून मिळवले काय? मिळवली ती माणसे. ज्यांनी पंचवीस हजार डागांमधला कच्चा डाग हुडकला होता, त्यांना पुढे कोणत्याही यंत्राच्या पेटीची भीती वाटण्याचे कारण उरले नव्हते.

याच भाभांच्या योजनेतले दुसरे यंत्र आमच्या दाराशी आहे. कुंभवलीहून पश्चिमेला समुद्राकडे गेले की तारापूरचे अणुवीज केंद्र लागते. आमच्या भागातील कित्येक घरांची चूल त्याच्यावर नि एमआयडीसीवर पेटते. ते बांधण्याचा करार १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला. करार ‘टर्न की’ पद्धतीचा. म्हणजे त्यांनी सगळे बांधून द्यायचे, आपण किल्ली फिरवायची. त्या वेळी ते शहाणपणाचेच होते. देशाला वीज हवी होती आणि लवकर हवी होती. २८ ऑक्टोबर १९६९ पासून केंद्र रीतसर वीज देऊ लागले. भाभा ते पाहायला राहिले नव्हते. १९६६ च्या जानेवारीत आल्प्समधील विमान-अपघातात ते गेले.

परंतु किल्ली फिरवून घेतलेल्या घराची गंमत अशी की, दार अडेपर्यंत आत काय आहे याची चौकशी करावी लागत नाही. दार अडले ते १९७४ नंतर. पोखरणच्या अणुस्फोटामुळे अमेरिकेशी बिनसले. १९७८ मध्ये तेथे नवा कायदा झाला आणि तारापूरच्या इंधनाची वाट बंद होत आली. इंधन पुढे १९८२ च्या कराराने फ्रान्सकडून मिळू लागले. पण सुटे भाग नि परदेशी सल्ला? तो आटला. तेव्हा येथल्याच इंजिनियरांनी नि कारागिरांनी दुसऱ्याने बांधलेले ते घर आतून शिकून घेतले, दुरुस्त केले, चालते ठेवले. कुलाब्याच्या मुलांनी जे आधी केले, ते तारापूरच्या माणसांना मागाहून करावे लागले. कोणी तरी, कधी तरी, पेटी उघडावी लागतेच. सवाल एवढाच की सणाच्या आधी की नंतर.

आता घरच्या गणकयंत्राकडे वळतो. कारण माझे दुखणे त्याचेच. सामान्य माणसाने सुटे भाग आणून घरी गणकयंत्र जोडायचे, या खुळाचा आरंभ १९७५ च्या जानेवारीत झाला असे मानतात. अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाची पेटी झळकली. किंमत चारशे डॉलरांच्या आत. भाग आम्ही पाठवू, डाग तुम्ही द्या. हजारो लोकांनी पैसे पाठवले. आणि त्या चित्रातील पेटी? ती रिकामी होती! खरा नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेत हरवला, म्हणून एड रॉबर्ट्‌स या तिच्या जनकाने घाईने पोकळ खोके दिवे-बटणे लावून पाठवले. घरगुती गणकयंत्राच्या घराण्याचे पहिले चित्र हे असे, कोणतेही बटण दाबले तरी कधी न चालणाऱ्या पेटीचे आहे. हे वाचून त्या रात्री मी प्रथमच हसलो.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील हौशी लोकांच्या मंडळात स्टीव्ह डॉम्पिअर नावाचा गृहस्थ आपले अल्टेअर घेऊन गेला. त्यावर पडदा नाही, कळफलक नाही. पुढची लहान बटणे एकेक करून खालीवर करायची नि सूचना भरायच्या. त्याने त्या भरल्या, आणि कोणाचा तरी पाय विजेच्या तारेत अडकला. तार निघाली, यंत्राची आठवण पुसली गेली. डॉम्पिअरने तार खोचली, खाली बसला आणि सगळ्या सूचना पुन्हा पहिल्यापासून भरल्या. थोड्या वेळाने यंत्राशेजारी ठेवलेल्या रेडिओतून गाण्याचे सूर उमटू लागले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. तार कोणाच्या पायाने निघाली, याची नोंद माझ्या वहीत नाही.

येथवर वाचून मी वही मिटली. पहाटेचे तीन वाजले होते.

सकाळी शेजारचे काका आले. एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांनी सारा जन्म वायरमन म्हणून काढला आणि आता निवृत्त आहेत. त्यांनी संगणक कधी उघडून पाहिला नव्हता. ‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘लाइट कुठपर्यंत येते ते आधी बघायचं. येते तिथपर्यंत सगळं चांगलं. जिथे येत नाही तिथे बसायचं.’ माझ्या रात्रभराच्या इतिहासाचे सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

‘आधी फोटो काढते,’ लेक म्हणाली, आणि एकही तार हलवण्यापूर्वी तिने मोबाइलवर आतले सगळे टिपून ठेवले.

काकांनी मल्टिमीटर लावला. भिंतीच्या प्लगमध्ये वीज होती. एक्स्टेंशन बोर्डात होती. पेटीच्या मागचा लहान स्विच चालू बाजूला होता. मग पाळी पॉवर सप्लायची. येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आमचे सगळे कोडे त्यातच होते.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला घरगुती-कचेरीतला संगणक काढला, तेव्हा त्याच्या कडेला एक मोठा लाल स्विच होता. तो खराखुरा स्विच; खट्‌कन खाली केला की वीज तुटे, वर केला की वाहे. पंख्याच्या बटणासारखा. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची नवी रीत आणली आणि बटणाचा धर्मच बदलला. तेव्हापासून पेटीच्या कपाळावरच्या बटणातून यंत्र चालवणारी वीज वाहतच नाही. मागचा स्विच चालू असला की पॉवर सप्लाय पाच व्होल्टची एक क्षीण धार मदरबोर्डाला सतत देत राहतो. रात्री घर निजल्यावर देवापुढे निरांजन जागे असावे, तसा तो पहारा. बटण एवढेच करते की, दोन बारीक टाचण्या क्षणभर एकमेकींना जोडते. बोर्ड तो इशारा ओळखतो आणि सप्लायकडून येणारी एक हिरवी तार खाली खेचतो. मग सप्लाय पुरा जागा होतो. वीज स्थिर झाली की करड्या तारेने उलट निरोप येतो, ‘ठीक आहे, चालू द्या.’ म्हणजे बटण हुकूम देत नाही, विनंती करते. मोठ्या घरचेही तसेच. बंद पडलेले वीज केंद्र पुन्हा सुरू करायला पंप फिरवावे लागतात आणि त्यासाठी बाहेरून वीज आणावी लागते. आपल्या आपण कोणीच जागे होत नाही.

काकांनी मागचा स्विच बंद करून सप्लायची सगळी जोडणी सोडवली. त्याच्या मोठ्या जोडणीतील हिरवी तार नि काळी तार यांच्या घरांत कागदाची टाचणी वाकवून अडकवली आणि स्विच चालू केला. सप्लायचा पंखा भिरभिरला! म्हणजे सप्लाय जिवंत. (सप्लायचे खोके मात्र कोणी उघडू नये, बंद असतानाही त्यात धक्का बसेल इतकी वीज साठून राहिलेली असते.) मग लेकीने बोर्ड पेटीतून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा नि एक रॅम. सप्लाय पुन्हा जोडला. तिने माहितीपुस्तिका उघडली, बोटाने टाचण्या मोजल्या आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच दोन टाचण्यांना एकदम टेकवले.

प्रोसेसरवरचा पंखा गरगर फिरू लागला.

बोर्ड जळालेला नव्हता. प्रोसेसर बिघडलेला नव्हता. रॅम जोराने दाबलेली नव्हती. राहिले काय? बटण आणि त्याची तार. काकांनी बटणाला मल्टिमीटर लावला. तेही चोख होते.

लेकीने मोबाइल काढला नि फोटो मोठा करून पाहिला. पुस्तिकेतील आकृतीशी ताडून पाहिला. मग पुस्तिका हातात उलटी फिरवली आणि पुन्हा पाहिला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. शेवटी हळूच म्हणाली, ‘बाबा, बटणाची तार पलीकडच्या जोडीवर आहे. चित्र उलटं धरलं की ती जागा बरोबर वाटते.’

वाचकहो, ती तार मी बसवली होती. ‘बाकी सगळं तू कर, बटणाचं सोपं काम मी करतो,’ असे म्हणून, चष्मा कपाळावर ठेवून मी बसवली होती. चित्र कोठून वर नि कोठून खाली हे कळावे म्हणून त्या टाचण्यांमधली कोपऱ्यातली एक मुद्दाम गाळलेली असते. तीही मला दिसली नव्हती. वीस वर्षे मुलांना चित्रे शिकवणाऱ्या मास्तराने चित्र उलटे धरले होते, आणि रात्री लेकीच्या हातांना दोष दिला होता.

ती ‘तुम्ही चुकलात’ म्हणू शकली असती. तिने ‘तार पलीकडच्या जोडीवर आहे’ म्हटले. फिलाडेल्फियाच्या त्या मुली, हार्वर्डचे ते रोजनिशीवाले, टिफ्रॅकचे ते तरुण, यांच्याबद्दल मी रात्रभर वाचले. ती काही न वाचता त्यांच्या घराण्यात जाऊन बसली होती. कोण चुकले हे विचारल्याने माणसे गप्प होतात. कोठे अडले हे विचारल्यावर यंत्रेही बोलू लागतात. हे मला पन्नाशी जवळ आल्यावर आणि एका दोन टाचण्यांच्या तारेमुळे समजले.

‘चूक माझी,’ मी म्हणालो. ‘आणि काल रात्रीचीही.’

‘बसवा आता तुम्हीच,’ ती म्हणाली, आणि माझा चष्मा कपाळावरून खाली नाकावर ओढला.

तार बसवली. पेटी बंद केली. बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडद्यावर पहिली अक्षरे उमटली. काकांनी टाळी वाजवली. आतून सौभाग्यवती फराळाची बशी घेऊन आल्या आणि यंत्राला हळदकुंकू लावून मगच काकांच्या हाती चकली दिली.

आता त्या पेटीशेजारी आम्ही एक लहान वही ठेवली आहे. यंत्र अडले की तारीख घालून काय अडले, कोठे अडले, एवढेच तीत लिहायचे असा घरचा नियम. पहिली नोंद लेकीच्या अक्षरात आहे : ‘बटणाची तार शेजारच्या जोडीवर. आकृती उलटी धरल्यामुळे. दुरुस्त.’ नाव कोणाचेच नाही. मी ते खाली माझ्या हाताने लिहिले.